वाशीमची सालदारी आणि नागपूरची एम्प्रेस मिल : कामगार टिकवून ठेवण्याच्या दोन पद्धती

प्रस्तावना :
अनुभवी कामगार दीर्घकाळ टिकून राहावा, हा आज मनुष्यबळ व्यवस्थापनातील महत्त्वाचा प्रश्न मानला जातो. परंतु हा प्रश्न नवा नाही. विदर्भाच्या कापूस पट्ट्यात शेतमालक आणि गिरणीमालक या दोघांपुढेही तो उभा होता. दोघांनी त्याची भिन्न उत्तरे शोधली. प्रस्तुत लेखात या दोन उत्तरांची तुलना केली आहे.

सालदारी व उचल :
वाशीमसह वऱ्हाडात गुढीपाडव्याला सालदार ठरविण्याची प्रथा रूढ आहे. मोबदला धान्य व रोख अशा स्वरूपात ठरे आणि वर्षारंभी काही रक्कम उचल म्हणून मिळे. आजारपण, लग्नकार्य यांसाठी पुन्हा उचल घ्यावी लागे. वर्षाअखेर हिशेब फिटला नाही की बाकी पुढील सालावर जाई आणि सालदार त्याच दारी राही. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचा जिव्हाळाही असे. तथापि बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची मोकळीक सालदाराला क्वचितच मिळे. ब्रिटिश राजवटीतील १८५९ च्या कायद्याने तर उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला शिक्षेची तरतूद केली होती. तो कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. कर्जापोटी होणारी वेठबिगारी मात्र कायद्याने संपुष्टात येण्यास १९७६ साल उजाडावे लागले.

एम्प्रेस मिल :
याच कापूस पट्ट्याचा लाभ घेण्यासाठी जमशेटजी टाटा यांनी मुंबईऐवजी नागपूरची निवड केली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. शेतीची सवय असलेला मजूर भोंग्याच्या शिस्तीला सरावलेला नव्हता. गैरहजेरी ही गिरणीची मोठी अडचण होती. जमशेटजी व व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी हवेशीर इमारत, आर्द्रता राखणारी यंत्रे आणि चांगल्या कामगारांसाठी बक्षिसे असे उपाय योजले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. देशात अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला, हे लक्षात घेता या उपायांचे मोल कळते. सालदार मागील देण्यामुळे थांबत असे. गिरणी कामगाराला थांबण्यासाठी पुढील येणे दाखविले गेले.

मर्यादा :
तथापि या धोरणाकडे केवळ औदार्य म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. स्थिर व कुशल कामगार ही गिरणीच्या नफ्याची गरज होती. कामाचे तास दीर्घ होते. पुढे नागपूरच्या गिरणी कामगारांनी संघटना उभारली, संप केले आणि रा. स. रुईकर यांच्यासारखे नेतृत्व पुढे आले. कल्याणकारी योजना असूनही वेतन व सन्मान यांची मागणी शिल्लक राहिली, हा त्याचा अर्थ होय.

निष्कर्ष :
एका गिरणीने दिलेली सवलत स्वातंत्र्योत्तर काळात कामगाराचा हक्क बनली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये व उपदानाचा १९७२ मध्ये झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षानंतर उपदानाचा हक्क दिला. १९९८ मध्ये स्थापन झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. येथील तरुण रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. अशा जिल्ह्यात जिनिंग, डाळ मिल वा अन्य उद्योग चालविणाऱ्यांनी आगाऊ रक्कम देऊन माणूस अडकवून ठेवण्याचा जुना मार्ग सोडणे आवश्यक आहे. वेळेवर वेतन, निधीचा नियमित भरणा, सुरक्षित जागा आणि कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे हेच उपाय टिकाऊ ठरतील. ज्याला जाण्याची मोकळीक आहे, त्याचे थांबणेच खऱ्या अर्थाने निष्ठा म्हणता येईल.