कसारा घाट आणि तेलाच्या दोन नळ्या

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे येताना कसारा सोडले की घाट सुरू होतो. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत उंची सुमारे 300 मीटरने वाढते. माल धरून 16 टन वजनाचा ट्रक एवढा वर चढवायचा, तर किती काम करावे लागेल? आठवी-नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की उत्तर येते सुमारे 4.7 कोटी ज्यूल. घाट 20 मिनिटांत चढायचा असेल, तर फक्त वर उचलण्यासाठी सुमारे 39 किलोवॅट, म्हणजे 52 अश्वशक्ती लागते. चाकांचे घर्षण, गिअरमधला अपव्यय हे वेगळेच. हाच घाट 10 मिनिटांत चढायचा तर शक्ती दुप्पट हवी.

रेल्वेने हा प्रश्न विजेने सोडवला. 1930 पर्यंत इगतपुरीपर्यंत विजेची इंजिने धावू लागली होती. ट्रकला ती सोय नव्हती. जमशेदपूरला 1954 पासून टाटा-मर्सिडीझचे ट्रक बनू लागले. त्यांची इंजिने शंभराच्या आसपास अश्वशक्तीची होती. जास्त डिझेल ओतले म्हणून शक्ती वाढत नाही, काळा धूर तेवढा वाढतो. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे 10 हजार लिटर हवा लागते. म्हणजे अडचण डिझेलची नसून हवेची आहे.

यावरचा उपाय आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरला सुचला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावी, अशी ही कल्पना. 1905 साली तिचे पेटंट मिळाले. उपयोग व्हायला मात्र वीस वर्षे लागली. 1926 च्या सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या जर्मन जहाजांची इंजिने ब्यूखीच्या पद्धतीने 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. मधल्या काळात, 1918 साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या 14 हजार फुटांच्या डोंगरावर नेले. विरळ हवेत टर्बोशिवाय त्याची शक्ती 350 वरून 230 वर उतरली होती. टर्बो लावल्यावर ती 356 झाली.

टर्बोचा इतिहास बहुधा इथपर्यंतच सांगितला जातो. पण चक्रे फिरवणे हा अर्धाच प्रश्न होता. ती फिरत ठेवायची कशी, हा उरलेला अर्धा. माझ्या मते तोच जास्त अवघड.

ट्रकच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेतो. दांड्याचा व्यास 10 मिलिमीटर धरला, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला 52 मीटर, म्हणजे ताशी 188 किलोमीटर येतो. एका टोकाला 600-700 अंश सेल्सिअस तापमानाचे वायू. धातू धातूला टेकला तर क्षणभरात सगळे संपेल. मग तो टेकत का नाही?

याचे उत्तर पेटंटच्या आधीच मिळालेले होते. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर 1883 च्या सुमारास रेल्वेच्या आसांची बेअरिंगे तपासत होते. बेअरिंगवर तेल सोडण्यासाठी त्यांनी वरच्या बाजूला एक भोक पाडले. पाहतात तो तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. भोकात बूच मारले, तर तेलाने ते बाहेर ढकलले. दाबमापक जोडल्यावर कळले, की फिरणारा आस स्वतःच तेल आत ओढून त्याचा दाब वाढवतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. पाटा-वरवंट्याखाली सांडलेल्या तेलावर पाय पडून घसरणाऱ्यालाही हा थर ठाऊक असतो, रेनॉल्ड्स मात्र नसतात!

जहाजांवरच्या मोठ्या टर्बोंत, उदाहरणार्थ ब्राऊन बोव्हेरीच्या व्हीटीआर मालिकेत, दांड्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंगे आणि त्यांच्याजवळच तेलाचा स्वतंत्र साठा असे. तेलाची पातळी बघायला जहाजावर माणूस असतो. ट्रकमध्ये कोण बघणार? 1938 साली स्विस साउरर कंपनीने ट्रकच्या इंजिनाला टर्बो बसवला. 1954 मध्ये व्होल्वोच्या टायटन ट्रकची शक्ती टर्बोमुळे 150 वरून 185 झाली. ट्रकसाठी रूढ झालेली रचना अशी: बेअरिंगे दोन्ही चक्रांच्या मधोमध आणि तेल इंजिनाकडूनच उसने. उसने घेतले की परत करणे आले. म्हणून दोन नळ्या. दांड्याभोवती सैल बसणारी, स्वतःही तेलात फिरणारी बुशे आली. बुशाच्या आत तेलाचा एक थर आणि बाहेर दुसरा.

आता या नळ्यांकडे नीट पाहा. तेल आणणारी नळी आतून जेमतेम 6 मिलिमीटरची, तर परतीची 20-25 मिलिमीटरची. जाणारे तेल येणाऱ्याइतकेच, मग हा फरक का? आणणाऱ्या नळीत इंजिनाच्या पंपाचा सुमारे 3 बार दाब असतो. परतीच्या वाटेवर पंप नसतो. तेल फक्त आपल्या वजनाने उतरते. 30 सेंटिमीटर उंचीच्या तेलाचा दाब भरतो जेमतेम 0.026 बार, शंभर पटींहून कमी. फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी 1840 च्या सुमारास रक्तप्रवाहाच्या कुतूहलातून बारीक नळ्यांवर प्रयोग केले होते. त्यांना आढळले, की संथ प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास चौपट केला तर प्रवाह 256 पट. शंभर पटींचा तोटा भरून निघतो आणि वर थोडी जागा उरते. ती लागतेच, कारण बाहेर पडणारे तेल हवेत घुसळून फेसाळलेले असते. वर्गात एका बाटलीत साबणाचे पाणी खूप हलवा आणि फेस एकदा शीतपेयाच्या नळीतून, एकदा रबरी पाइपातून नुसत्या उतारावर सोडून बघा.

म्हणूनच परतीची नळी सतत उतरती हवी. मध्ये झोळ नको, घडी नको आणि तिचे तोंड चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवे. पातळीखाली उघडले तर तेल तुंबते. टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसते, उष्णतेत ते टिकणारच नाही. तिथे पिस्टन रिंगसारख्या धातूच्या कड्या असतात आणि तुंबलेले तेल त्यांना अडवता येत नाही. ते चक्रांकडे जाते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

इथे खरे नुकसान होते. निळा धूर दिसला की टर्बो गेला, असे ठरते. नवा बसतो, पुन्हा धूर येतो. दोष नळीत असतो, खर्च टर्बोवर होतो. गॅस्केटला जास्त लावलेले सिलिकॉन आत पिळून आले तरी वाट अरुंद होते. इंजिनाच्या रिंगा झिजल्या, तर जळलेले वायू चेंबरमध्ये उतरून तिथला दाब वाढवतात आणि तेलाला खाली येऊ देत नाहीत. अशा वेळी टर्बोचा काहीच अपराध नसतो.

भारतीय ट्रकांत टर्बो रुळला तो 1990 च्या दशकात आणि नंतर. 1993 मध्ये टाटा कमिन्स स्थापन झाली. 2000 सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि टर्बोशिवाय मोठे डिझेल इंजिन विकणे अवघड झाले. नाशिकला डिझेल परके नव्हते. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, इंधन फवारणारे नोझल बनत आले होते. इगतपुरीत महिंद्रचा इंजिन कारखाना होता. सवयी मात्र जुन्या इंजिनांच्या होत्या. घाट चढून आले, ढाबा दिसला, लगेच चावी फिरवली. डिझेल वाचले असे वाटते. पण इंजिन थांबताच पंप थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले थेंबभर तेल भाजून कोळसा होते. असे वारंवार झाले की तेलाची बारीक वाट बुजते आणि एक दिवस दांडा कोरडा फिरतो. घाट चढून आल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवले, की तेवढ्यात तेच तेल उष्णता घेऊन चेंबरमध्ये उतरते.