खेळाची किंमत आणि उधारीचा हप्ता

वस्तूच्या वेष्टनावर जो आंकडा छापलेला असतो, तीच तिची किंमत, असें गिऱ्हाइकास वाटत असतें. व्यापाऱ्यास मात्र तसें वाटत नाहीं. किंमत कोठें दाखवावी, कोठें लपवावी, आज किती घ्यावी आणि उद्यांवर किती ढकलावी, हें ठरविण्यांतच त्याचें निम्में कौशल्य असतें. दूरचित्रवाणीच्या संचास जोडून ज्यावर खेळ खेळले जातात, त्या व्हिडिओ गेम कन्सोल नांवाच्या यंत्राचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. हें यंत्र अन्नासारखें आवश्यक नाहीं, सोन्यासारखें टिकाऊ नाहीं. आणि तरीहि अमेरिका, जपान व युरोप येथील कोट्यवधि कुटुंबांनीं गेल्या पन्नास वर्षांत तें विकत घेतलें, आणि त्यांतील पुष्कळांनीं तें उधारीवर घेतलें. तें कसें विकलें गेलें, हें पाहिलें म्हणजे आधुनिक बाजारांतील सवलत आणि उधारी या दोघी बहिणींची खरी ओळख पटते.

या दोघींपैकीं उधारीची कथा अगोदर सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत शिवणयंत्राची किंमत शंभर डॉलरांच्या आसपास होती. ती एकरकमी देणें सामान्य कुटुंबाच्या आटोक्याबाहेरचें होतें. सिंगर कंपनींतील भागीदार एडवर्ड क्लार्क यानें १८५६ सालीं यावर तोड काढली. थोडी रक्कम आगाऊ द्यावी, यंत्र घरीं न्यावें, आणि बाकीची रक्कम दरमहा हप्त्यानें फेडावी. कंपनीचा खप झपाट्यानें वाढला. हीच पद्धत घेऊन सिंगरचे विक्रेते पुढें जगभर गेले, आणि हिंदुस्थानांतहि शिंप्याच्या दुकानांत व मध्यम वर्गाच्या घरांत शिवणयंत्र शिरलें तें पुष्कळदां हप्तेबंदीच्याच वाटेनें. परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. शिवणयंत्र कपडे शिवून आपला हप्ता आपणच मिळवूं शकत होतें. खेळाच्या यंत्राच्या अंगीं ती शक्ति नाहीं. त्याचा हप्ता घरच्या मिळकतींतूनच जातो.

असें पहिलें यंत्र १९७२ सालीं बाजारांत आलें. त्याचा जनक राल्फ बेअर हा जर्मनींत जन्मलेला ज्यू अभियंता. नाझी राजवटीच्या छळांतून सुटून १९३८ सालीं तो कुटुंबासह अमेरिकेंत आला. घरांतील दूरचित्रवाणीवर खेळ खेळतां येतील, ही कल्पना त्याला १९६६ सालीं सुचली. मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें 'ओडिसी' या नांवानें तें यंत्र विकावयास काढलें. बेअरच्या मनांतील किंमत वीस डॉलरांच्या आसपास होती. कंपनीनें ती ९९.९५ डॉलर ठेविली. आजच्या हिशेबानें ही रक्कम सातशें डॉलरांहून अधिक भरते. मात्र जो कोणी त्याबरोबर मॅग्नाव्हॉक्सचाच दूरचित्रवाणी संच घेईल, त्याला तें निम्म्या किंमतींत मिळे. म्हणजे या धंद्यांतील सवलत त्याच्या जन्मापासूनची आहे. आणि ती खेळाचा खप वाढविण्याइतकीच दुसरी महाग वस्तु खपविण्यासाठीं होती. या युक्तीचा उलटा परिणामहि झाला. हें यंत्र मॅग्नाव्हॉक्सच्या संचाखेरीज चालतच नाहीं, असा पुष्कळ गिऱ्हाइकांचा समज झाला, आणि तीन वर्षांत सुमारें ३,५०,००० यंत्रें खपल्यावर ओडिसीची विक्री थांबली.

दुसरा प्रयोग १९७५ सालचा. नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनीं स्थापिलेल्या अटारी कंपनीनें 'पाँग' हा खेळ घरगुती स्वरूपांत तयार केला. परंतु खेळण्यांचे व्यापारी त्याकडे ढुंकूनहि पाहीनात. तेव्हां सीअर्स या अवाढव्य दुकानसंस्थेच्या क्रीडासाहित्य विभागानें तो उचलला आणि नाताळासाठीं १,५०,००० नग मागविले. किंमत शंभर डॉलरांच्या किंचित् खालीं होती. सीअर्सजवळ दुकानांचें जाळें होतें, घरोघर जाणारें सूचीपत्र होतें, आणि या दोहोंहून महत्त्वाचें असें लक्षावधि गिऱ्हाइकांचें उधारखातें होतें. बाहेरच्या बँकांचीं कार्डें सीअर्स १९९३ पर्यंत स्वीकारीत नसे. ज्यास 'पाँग' उधारीवर हवा असेल त्यानें सीअर्सचेंच खातें उघडावें, हा तेथील नियम. खेळ हें आमिष होतें; खातें ही कायमची मिळकत होती.

दुकानाच्या या खात्यामागें एक स्वतंत्र इतिहास आहे. १९२८ पासून अमेरिकन दुकानें आपल्या नेहमींच्या गिऱ्हाइकांना नांव उठविलेली धातूची पट्टी देऊं लागलीं. १९५० सालीं डायनर्स क्लबचें कार्ड निघालें. १९५८ सालीं बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत सुमारें ६०,००० लोकांना, त्यांनीं मागितलें नसतांहि, कार्डें पाठविलीं. १९७४ चा समान उधारीचा कायदा होईपर्यंत विवाहित स्त्रीस स्वतःच्या नांवें खातें मिळणें कठीण होतें. पतीची सही मागितली जाई. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, बँकेनें ज्या राज्यांत ठाणें दिलें असेल तेथील व्याजाचा दर ती अन्य राज्यांतील गिऱ्हाइकांनाहि लावूं शकते. मग व्याजावर मर्यादा नसलेल्या राज्यांत बँकांनीं आपलीं कार्यालयें हलविलीं, आणि दुकानी कार्डांवरील चढ्या व्याजाचा मार्ग मोकळा झाला.

इकडे खेळाच्या धंद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. १९७७ सालीं अटारीनें सुमारें दोनशें डॉलर किंमतीचें नवें यंत्र काढलें. त्यांत कार्ट्रिज बदलून निरनिराळे खेळ खेळतां येत. यंत्र बेताच्या नफ्यानें विकावें आणि खेळांवर नफा मिळवावा, हें सूत्र तेथून रूढ झालें. दाढीच्या वस्तऱ्याची मूठ स्वस्त आणि पातीं महाग, तोच हा हिशेब. परंतु खेळ काढणारांची गर्दी झाली, बाजार निकृष्ट मालानें भरला, आणि १९८३ सालीं तो कोसळला. तीस-पस्तीस डॉलरांचीं कार्ट्रिजें पांच-पांच डॉलरांना टोपल्यांतून विकलीं गेलीं. अटारीनें आपला न खपलेला माल न्यू मेक्सिकोंतील ॲलामोगोर्डो येथें जमिनींत पुरला. २०१४ सालीं तो खणून काढण्यांत आला. अमेरिकेंतील या धंद्याची उलाढाल सुमारें ३२० कोटि डॉलरांवरून दोन वर्षांत सुमारें १० कोटींवर घसरली.

त्याच सुमारास घरगुती संगणकांच्या व्यापारांत सवलतीचा एक मासला घडून आला. कमोडोर कंपनीनें १९८३ सालीं जाहीर केलें कीं, जो आपला जुना कन्सोल अगर संगणक, मग तो कोणत्याहि कंपनीचा असो, आणून देईल, त्यास कमोडोर ६४ वर शंभर डॉलर परत मिळतील. कांहीं चतुर दुकानदारांनीं लगेच टायमेक्स सिंक्लेअर नांवाचा लहानसा संगणक अवघ्या दहा डॉलरांना जोडीस देण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकानें तो दहा डॉलरांना घ्यावा, कमोडोरला द्यावा आणि शंभर डॉलर वसूल करावे! या किंमतीच्या युद्धांत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्ससारख्या मातब्बर कंपनीनें मोठी ठोकर खाऊन त्याच वर्षीं घरगुती संगणकांचा धंदा सोडला. सवलत देणारा नेहमींच जिंकतो असें नाहीं.

कोसळलेला बाजार पुन्हां उभारला तो जपानच्या निंटेंडोनें. १९८५ सालीं न्यूयॉर्क शहरांत आपलें यंत्र मांडतांना तिनें दुकानदारांना अट घातली ती अशी: माल ठेवा, खपेल त्याचेच पैसे द्या, उरेल तो आम्हीं परत नेऊं. येथें उधारी गिऱ्हाइकास नसून दुकानदारास होती. पुढें निंटेंडोचा जम बसल्यावर मात्र चित्र पालटलें. तिचें यंत्र ९९.९५ डॉलरांहून कमी किंमतीस कोणी विकूं नये, असें दडपण ती दुकानदारांवर आणीत असल्याचा आरोप झाला. १९९१ सालीं संघराज्याच्या व्यापार आयोगाशीं व राज्यांशीं तिनें तडजोड केली, आणि गिऱ्हाइकांना पांच-पांच डॉलरांचीं कूपनें देण्याचें कबूल केलें. हीं कूपनें निंटेंडोचाच माल घेतांना वापरावयाचीं होतीं. म्हणजे नुकसानभरपाई घेण्यासाठींहि गिऱ्हाइकास पुन्हां त्याच दारीं जावें लागलें.

१९९५ च्या मे महिन्यांत लॉस एंजलिस येथील प्रदर्शनांत किंमतीचें सामर्थ्य एका वाक्यानें सिद्ध झालें, किंबहुना एका आंकड्यानें. सेगा कंपनीनें आपला सॅटर्न ३९९ डॉलरांना आजपासूनच मिळेल अशी घोषणा केली. त्यानंतर सोनीचा स्टीव्ह रेस व्यासपीठावर आला, 'दोनशें नव्याण्णव' एवढेंच उच्चारलें, आणि खालीं उतरला. प्लेस्टेशनचा विजय त्या क्षणीं सर्वस्वीं ठरला असें नाहीं, पण शंभर डॉलरांच्या या अंतराचा फटका सेगाला बसला. तथापि हीच सोनी २००६ सालीं तिसरें प्लेस्टेशन ४९९ व ५९९ डॉलरांना घेऊन आली, तेव्हां बाजारांत कुरकुर झाली. भाग सुटे करून हिशेब करणाऱ्या तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणें त्या यंत्रास येणारा खर्च आठशें डॉलरांहून अधिक होता. गिऱ्हाइकास महाग वाटणारी वस्तु कंपनी तोट्यांत विकीत होती, आणि तो तोटा पुढें खेळांच्या किंमतींतून भरून निघावयाचा होता. निंटेंडोनें त्याच वेळीं आपला 'वी' २४९.९९ डॉलरांस विकून यंत्रावरहि नफा मिळविला.

सवलत मिळाली म्हणजे सर्वांसच आनंद होतो, असेंहि नाहीं. २०११ च्या मार्चमध्यें निंटेंडोनें '३ डीएस' हें हातांत धरण्याचें यंत्र २४९.९९ डॉलरांस विकावयास काढलें, आणि पांच महिन्यांच्या आंत किंमत १६९.९९ वर आणिली. ज्यांनीं आधीं घाई केली होती त्यांचे ऐंशी डॉलर बुडाले. त्यांचा राग शमविण्यासाठीं कंपनीला वीस जुने खेळ फुकट द्यावे लागले. उत्साही गिऱ्हाइकाकडून अधिक घ्यावें व सबुरीच्या गिऱ्हाइकाकडून कमी, हा या व्यापाराचा नेहमींचा नियम; येथें तो फार उघडा पडला एवढेंच.

आतां दुकानी कार्डांकडे वळावयाचें. गेमस्टॉप या अमेरिकन दुकानसाखळीचा मोठा व्यवहार जुने खेळ परत घेण्याचा. जुना खेळ दिला कीं रोख कमी मिळे. दुकानांतच खर्च करावयाची जमा रक्कम अधिक मिळे. म्हणजे पैसा दुकानाबाहेर जाऊं नये, अशी योजना. २०१४ सालीं तिनें स्वतःचें उधारीचें कार्ड काढलें. त्याचा वार्षिक व्याजदर होता २६.९९ टक्के. पांचशें डॉलरांची बाकी वर्षभर तशीच राहिली तर व्याज सुमारें १३५ डॉलर होतें, म्हणजे दोन नव्या खेळांहून अधिक.

याहून कावेबाज प्रकार म्हणजे 'बारा महिने व्याज नाहीं' ही जाहिरात. पुष्कळ दुकानी कार्डांवरील तिची अट बारीक अक्षरांत असते. मुदतींत सर्व रक्कम फिटली तर व्याज माफ. एक डॉलर जरी राहिला तरी पहिल्या दिवसापासूनचें व्याज एकदम लागू. समजा, पांचशें डॉलरांचें यंत्र घेऊन एखाद्यानें दरमहा नियमानें चाळीस डॉलर भरले. वर्षअखेर ४८० फिटतात, वीस उरतात. सत्तावीस टक्क्यांच्या दरानें या वीस डॉलरांपायीं त्यास सुमारें ७५ डॉलर व्याज द्यावें लागतें. हप्ता चुकलेला नाहीं, लबाडी केलेली नाहीं. केवळ बाराचा भागाकार करावयाचा राहून गेला. २००९ च्या अमेरिकन कायद्यानें एकवीस वर्षांखालील तरुणांना स्वतःच्या मिळकतीवांचून अगर जामिनावांचून कार्ड देण्यास बंदी केली, परंतु हा प्रकार त्यानेंहि बंद केला नाहीं.

सर्वच हप्तेबंदी अशी असते असें मात्र नव्हे. मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं ४९९.९९ डॉलरांचा एक्सबॉक्स दरमहा ३४.९९ प्रमाणें चोवीस महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांनीं देऊं केला. एकूण ८३९.७६ डॉलर होतात. त्यांत दरमहा १४.९९ डॉलरांची खेळांची वर्गणीहि होती. यंत्र व दोन वर्षांची वर्गणी निरनिराळीं घेतलीं तर ८५९.७५ डॉलर लागत. म्हणजे वीस डॉलरांचा खरोखरच लाभ होता. पण तो कोणास? ज्यास ती वर्गणी एरवींहि हवी होती त्यास. ज्यास केवळ यंत्र हवें होतें, त्याच्या गळ्यांत ३४० डॉलरांचें ओझें पडलें.

भारतांतहि क्रेडिट कार्डावरील 'शून्य टक्के' हप्त्यांचें पेव फुटलें, तेव्हां मुंबईच्या रिझर्व्ह बँकेनें १७ सप्टेंबर २०१३ रोजीं परिपत्रक काढून बँकांना बजावलें कीं, शून्य टक्के व्याज असें कांहीं अस्तित्वांतच नसतें. व्याज पुष्कळदां प्रक्रियाशुल्काच्या नांवाखालीं दडविलेलें असतें. पुण्या-मुंबईच्या दुकानांत मुलांच्या हट्टापुढें नमणाऱ्या आईबापांनाहि हें वाक्य लागू पडतें.

यंत्र जुनें झालें कीं स्वस्त होतें, हा या धंद्याचा चार दशकांचा भरंवसा होता. तोहि आतां डळमळला आहे. २०२५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत तोच एक्सबॉक्स, पांच वर्षांचा जुना होत आला असतां, ४९९.९९ वरून ५९९.९९ डॉलरांवर गेला. ऑगस्टमध्यें प्लेस्टेशन ५ पन्नास डॉलरांनीं वाढला. वाट पाहणाऱ्याचा फायदा होतो, ही शहाणपणाची जुनी शिकवण या वेळीं खोटी पडली, आणि 'आज घ्या, उद्यां द्या' म्हणणाऱ्या कार्डाचें आमिष तितकेंच गोड झालें. अशा वेळीं गृहस्थाच्या हातीं एकच साधन उरतें, तें म्हणजे बेरीज. आज किती, दरमहा किती, किती महिने, आणि चुकल्यास किती, हे चार आंकडे कागदावर मांडून त्यांची बेरीज केल्यावर जी रक्कम येते, तीच त्या खेळाची किंमत होय. मुलांना हवें तें यंत्र घेण्यापूर्वीं ही बेरीज त्यांच्याच समोर करावी. पैशाचा हा धडा त्यांना त्या यंत्राहून अधिक दिवस उपयोगी पडेल.