तोच असुर, नवा डाव : बॉस-लढतींच्या अभ्यासात स्वागत

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या बॉस-लढतींचा अभ्यास करतो असे सांगितले, की जळगावच्या स्टाफरूममध्ये आधी हशा पिकतो आणि मग प्रत्येकजण आपला मुलगा रात्री दोनपर्यंत काय करतो ते सांगू लागतो. हसायला हरकत नाही. पण वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांचे तोंडही न पाहिलेली चाळीस माणसे दहा मिनिटे एका शिस्तीत हलतात आणि एकाचे पाऊल चुकले की सगळी मरतात, हा प्रकार समाजशास्त्राच्या किंवा रंगभूमीच्या अभ्यासकाने सोडून द्यावा इतका किरकोळ नाही. तुम्ही स्वतः कधी असा गेम खेळला नसाल, तरी इथे तुमचे काही अडणार नाही.

बॉस म्हणजे सहसा एकट्याला न आवरणारा शत्रू. तो ठरावीक वेळाने काहीतरी करतो आणि त्याला ठरावीक उत्तर द्यावे लागते. या सवाल-जबाबाला खेळाडू मेकॅनिक म्हणतात, मी खेळी म्हणेन. उत्तर चुकून सगळा गट मेला की झाला वाइप. १९९९च्या एव्हरक्वेस्टमध्ये हे सगळे बाळबोध होते. तिथला केराफर्म हा ड्रॅगन कोणाला मारता येऊ नये अशाच बेताने घडवलेला. नोव्हेंबर २००३मध्ये रॅलोस झेक सर्व्हरवरच्या दोनशेच्या आसपास खेळाडूंनी तो सुमारे तीन तास झुंजून पाडला. युक्ती थोडी, चिकाटी फार. खेळींची खरी बांधणी सुरू झाली ती नोव्हेंबर २००४मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आल्यावर, आणि पाठोपाठ तक्रारही आली : ‘हे तर आधीच्याच बॉसचे उचलले!’

तक्रार खरी असते, पण अर्धी. थॅडियस जवळून पाहू. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये जून २००६मध्ये उघडलेल्या नॅक्सरामस या रेडमधला, म्हणजे मोठ्या गटाने लढायच्या ठिकाणातला, हा बॉस दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक खेळाडूवर धन किंवा ऋण भार टाकतो. सारख्या भाराचे लोक एकत्र राहिले तर त्यांचा मारा वाढतो. विरुद्ध भाराचा एकजण घोळक्यात अडकला तर आजूबाजूचे पटापट पडतात. म्हणून धन एकीकडे, ऋण दुसरीकडे, आणि भार बदलला की बॉसला ओलांडून पलीकडे पळायचे. चाळिसांच्या गटांपैकी फार थोडे तिथवर पोहोचले. पुढच्याच वर्षी, बर्निंग क्रूसेड या विस्तारात, मेकनार या ठिकाणच्या मेकॅनो-लॉर्ड कॅपॅसिटसच्या अवघड आवृत्तीत हीच धन-ऋणाची खेळी पाच जणांसाठी आली. उचलेगिरी? निश्चित. पण चाळिसांत प्रश्न गर्दी फिरवण्याचा होता, तर पाचांत तो ‘मी नेमका कोणाजवळ उभा राहू’ असा झाला. शिवाय ज्यांनी नॅक्सरामसचे दारही पाहिले नव्हते, त्यांना ती खेळी नवीच होती.

याउलट ऑनिक्सिया. ही ड्रॅगनीण गेमच्या पाचव्या वाढदिवसानिमित्त २००९मध्ये पातळी ८०ची करून परत आणली : आधी जमिनीवर, मग हवेत, पुन्हा जमिनीवर. टप्पे तेच, तो गुहा पेटवणारा श्वासही तोच. आठवणींचा सोहळा म्हणून गोड, पण लढत म्हणून, माझ्या मते, शिळी. खेळी जुनी की नवी हे मी शेवटी विचारतो. ती गटाकडून या वेळी कोणता निर्णय मागते, हे आधी.

आणि खेळी नुसत्या प्रोग्रॅममध्ये नसते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला रॅग्नरॉस हा बॉस पहिल्यांदा पडला एप्रिल २००५मध्ये, गेम निघाल्यावर पाच महिन्यांनी. ऑगस्ट २०१९मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक नावाने जुना गेम पुन्हा उघडला, तेव्हा तोच रॅग्नरॉस आठवडाभरात आडवा झाला. क्लासिकमधली पात्रे नंतरच्या, अधिक तगड्या आवृत्तीतली होती, हे खरे. तरी मोठा फरक पडला तो पंधरा वर्षांच्या पाठांतराने.

साक्री-पिंपळनेरच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांत भोवाडा पाहिलेल्यांना पाठांतराची ही बाजू समजावून सांगावी लागत नाही. सांबळाच्या तालावर एकेक सोंग येते, प्रत्येकाची चाल ठरलेली, आणि देवीपुढे महिषासुर पडणार हे पोरासोरांनाही ठाऊक. त्याने यंदा काही नवे करून दाखवावे, अशी कोणाची अपेक्षा नसते. मात्र तिथे निकाल आधीच ठरलेला आहे. रेडमध्ये तो ठरलेला नसतो, म्हणूनच लोक त्याच असुरापुढे रात्रीमागून रात्री उभे राहतात. भोवाड्यातली पुनरावृत्ती हा विधी आहे आणि रेडमधली हा सराव. सराव पुरा झाला की लढतीतला जीव जातो. विधीला तो धोका नाही.

जुन्या साहित्यातून नवा डाव कसा मांडावा, याचा माझा आवडता दाखला ऑक्टोबर २०१७चा आहे : फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन गेममधली द अनएंडिंग कॉइल ऑफ बहामुट ही लढत. ट्विंटानिया, नेल, बहामुट हे तिन्ही बॉस आधी येऊन गेलेले. पण इथे नेल हल्ल्याआधी एक गूढ वाक्य बोलते आणि आठ जणांनी त्यातून जवळ यायचे की पांगायचे, ते ओळखायचे असते. लढता लढता वाचन!

जळगाव-धुळ्याच्या खेळाडूला आणखी एक अडचण असते, अंतराची. युरोपातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला, लाइन चांगली असली तरी, शंभर-दीडशे मिलिसेकंद लागतात. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये बहुतेक हल्ल्यांचा फैसला पडद्यावरच्या स्फोटाने होत नाही. बॉसची कास्टची पट्टी, म्हणजे हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी, भरली त्या क्षणी सर्व्हरच्या लेखी तुम्ही कुठे होता, यावर तो होतो. ‘अरे, मी तर बाहेर होतो!’ ही आरोळी तिथून येते. अशा वेळी ओळखीची खेळी उपकार करते, कारण पाठ असले की आधीच निघता येते. सतत नावीन्य मागणाऱ्या समीक्षकाचे घर बहुधा सर्व्हरच्या जवळ असते.

सुरुवात कशी करावी? एका लढतीचे रेकॉर्डिंग घ्या आणि वहीत रकाने आखा : वेळ, बॉसने काय केले, उत्तर कोणी दिले. ऑनलाइन गेम जड वाटला तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२०मधला ‘राजी’ घ्या. तो एकट्याने खेळायचा आहे, पण महाबलासुराशी लढत त्यातही आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टपाशी आलात की आणखी एक रकाना लागेल. तिथे डेडली बॉस मॉड्ससारखे अ‍ॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, वर्षानुवर्षे पुढचा हल्ला आधीच ओरडून सांगत आले, मग डिझायनर खेळी आणखी गुंतागुंतीची करत गेले, आणि या चढाओढीत कोण कोणाशी लढते आहे तेच कळेनासे झाले. तेव्हा शेवटच्या रकान्यात लिहा : इशारा कोणी दिला, माणसाने की अ‍ॅडऑनने.