दंडाच्या पावतीची कुळकथा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवण या पट्ट्यात वनहक्काचा दावा भरायला घेतला की घराच्या आढ्याला खोचलेली प्लास्टिकची पिशवी खाली येते. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या, आणि तळाशी घडीवर फाटलेली, पिवळी पडलेली वनखात्याची दंडाची पावती. नाव, गाव, कंपार्टमेंट नंबर, गुन्ह्याचा प्रकार, रक्कम, खाली गार्डाची सही. आजोबांनी वनजमिनीत नांगर घातला म्हणून दंड भरला, त्याची ही पोच. पुष्कळ घरांत, आजोबा त्या साली त्याच जमिनीवर होते असं सांगणारा दुसरा सरकारी कागदच नसतो.

माणसाला जमिनीवरून उठवण्यासाठी फाडलेला कागद तिथल्या वहिवाटीचा पुरावा कसा झाला, याची मुळं जवळजवळ दीडशे वर्षं मागे जातात.

नाशिकच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारांवर कोकणा, महादेव कोळी, वारली पिढ्यान्‌पिढ्या नागली, वरई, खुरासणी, भात पिकवत आले. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा, पावसावर रोप टाकायचं, मग लावणी. या शेतीला जंगल लागतं. राबाचा पालाही तिथलाच आणि शेताचा तुकडाही त्याच्या कडेला किंवा आत. शेत कुठे संपतं आणि जंगल कुठे सुरू होतं, हे गावाला ठाऊक असे. नकाशावर ते नव्हतं.

१८७८ च्या वन कायद्याने ती रेघ नकाशावर मारली. राखीव जंगल करायचं ठरलं की जाहीरनामा निघे, हक्क सांगायला निदान तीन महिन्यांची मुदत मिळे आणि त्या मुदतीत जो हक्क मांडला गेला नाही तो संपला असं धरलं जाई. लिहिता-वाचता येणारं माणूसच नाही अशा पाड्यावर या जाहीरनाम्याचा उपयोग किती झाला असेल, याची कल्पना करता येते. त्याच वर्षी पेठच्या बेगमेच्या मृत्यूनंतर ते संस्थान इंग्रजांकडे गेलं. सुरगाणा मात्र १९४८ पर्यंत संस्थानच राहिलं. वनखात्याच्या या कारभाराविरुद्ध १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिलं, आणि १९३० च्या जंगल सत्याग्रहात कळवणकडच्या चणकापूरचे आदिवासी पोलिसांसमोर उभे ठाकले.

पावती जन्माला आली ती नकाशावरच्या या रेघेमुळे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे वन अधिकाऱ्याला काही गुन्हे रक्कम घेऊन जागच्या जागी मिटवता येतात. गार्ड येई, उभ्या पिकात पंचनामा करी, पैसे घेई, पावती फाडी. मृगाच्या तोंडावर तोच माणूस तीच जमीन पुन्हा नांगरी, कारण दुसरी जमीन नव्हती. मग पुन्हा दंड, पुन्हा पावती. कधी बैल, अवजारं जप्त होत. कधी पीक मोडलं जाई. आणि ज्यांनी पैसे दिले पण ज्यांना पावतीच मिळाली नाही, त्यांचं नुकसान तर दुहेरी. पैसा गेला आणि पुढच्या पिढीचा पुरावाही गेला.

मधल्या काळात खुद्द सरकारनेच ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणत जंगलातले काही तुकडे एका-एका वर्षाच्या कराराने कसायला दिले. या एकसाली प्लॉटांवर बांध घातले गेले, दगड वेचले गेले, खाचरं तयार झाली. मुदतीनंतर करार वाढला नाही तर तोच कसणारा सरकारदप्तरी अतिक्रमणधारक होई. महसुलाकडे गाव नमुना १-ई नावाची अतिक्रमणाची नोंदवही असते. त्या वहीत नाव चढलं की छातीत धस्स व्हायचं. पुढे याच नोंदीची नक्कल मिळवण्यासाठी लोकांनी तहसील कचेरीचे उंबरे झिजवले.

माणसाला उठवणाऱ्या कागदानेच पुढे त्याची साक्ष द्यावी, असं फक्त इथेच घडलं नाही. अमेरिकेत चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या वाट्याला आलेली हद्दपारी जगाला ठाऊक आहे. १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी इंडियनांना हलवण्याच्या कायद्यावर सही केली. चेरोकींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये सांगितलं, तरी जॉर्जियाने त्यांची जमीन लॉटरीने वाटली. जमीन सोडून देण्याच्या १८३५ च्या न्यू एकोटा करारावर मूठभर लोकांच्या सह्या होत्या. त्याविरुद्ध प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो चेरोकींच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला. उपयोग झाला नाही. १८३८ मध्ये सैनिकांनी लोकांना घरांतून काढून कोंडवाड्यांत घातलं आणि सुमारे सोळा हजार माणसांना मिसिसिपीपलीकडे नेलं. वाटेत, छावण्यांत मिळून सुमारे चार हजार दगावले, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

त्या हद्दपारीनेही कागद मागे ठेवले. लोकांना हलवण्याआधी सरकारी माणसांनी घरोघर जाऊन मोजदाद केली होती: खोल्या किती, शेत किती एकर, पीचची झाडं किती, सफरचंदाची किती. मालमत्तेची किंमत लावून माणसाला बाहेर काढायचं, यासाठीच त्या याद्या. आज कुणाचं घर कुठे होतं, कुणी कोणती बाग लावली, हे शोधायचं तर त्याच याद्या उघडाव्या लागतात.

नाशिकच्या डोंगरात इतक्या माणसांना एकदम चालवत नेलं नाही. इथे माणसं जागेवरच राहिली आणि पायाखालची जमीन कागदावर दुसऱ्याची झाली. दोन्हींतलं दुःख एका मापाने मोजू नये. पण आपल्याच शेतात दरवर्षी गुन्हेगार ठरून पोट भरणं हीसुद्धा हद्दपारीच आहे, असं म्हणायला मला अडखळायला होत नाही.

पावतीचं नशीब पालटायला सुरुवात झाली १९७८ मध्ये. ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची शेती नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने त्या वर्षाच्या डिसेंबरात काढला. आता प्रश्न आला पुराव्याचा, आणि वर्षानुवर्षं जपलेल्या पावत्या बाहेर आल्या. पण १९८० च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राच्या परवानगीची अट घातली आणि काम रेंगाळलं. पावत्या नसलेल्यांचं काय, हा प्रश्न ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. कागद नाही एवढ्यावरून दावा उडवू नये, तोंडी पुरावाही पाहावा, ही दिशा तिथून १९९१ मध्ये मिळाली. तरी मे २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अतिक्रमणं हटवण्याचं परिपत्रक काढलंच, आणि देशभरात हत्ती, बुलडोझर लावून घरं पाडली गेली.

त्या संतापातून २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलं आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा, जास्तीत जास्त चार हेक्टर, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, वारसाला मिळणारा पण विकता न येणारा. २००८ च्या नियमांनी पुराव्याची यादी मोठी केली: सरकारी नोंदी, न्यायालयाचे कागद, शेताचे बांध, विहिरी, स्मशान, देवस्थान, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब. पावतीला आता साथीदार मिळाले.

कागदावर मिळालेलं हातात पडायला मात्र चालावं लागलं. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. कसाऱ्याचा घाट उतरून, सुमारे १८० किलोमीटर चालून हजारो शेतकरी मुंबईत आले. त्यांत आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या. कित्येकींच्या तळव्यांची सालं निघाली होती. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच पार केला आणि १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदान गाठलं. प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं सरकारने लेखी दिलं. २०२३ च्या मार्चमध्ये मात्र दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला आणि वासिंदपर्यंत गेला.

तेव्हाची एक मागणी सातबाऱ्याबद्दल होती. ज्यांना पट्टा मिळाला, त्यांतल्या अनेकांचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात बसलं, कब्जेदार म्हणून नाही. पट्ट्यावरचं क्षेत्र प्रत्यक्ष कसलेल्या जमिनीपेक्षा कमी, हीसुद्धा गावोगावची तक्रार. दावा नामंजूर झाला तर साठ दिवसांत दाद मागता येते, आणि उपग्रहाचं छायाचित्र इतर पुराव्यांना पूरक धरावं, त्यांची जागा त्याला देऊ नये, असं २०१२ च्या नियमदुरुस्तीत स्पष्ट आहे. तरीही चित्रात शेत दिसत नाही म्हणून ज्यांचं क्षेत्र घटलं, त्यांच्या अपिलाच्या वेळी उपविभागीय समितीने पाड्यावर जावं, बांध मोजावा, म्हाताऱ्याचा जबाब घ्यावा आणि पिशवीतल्या पावतीवरचा कंपार्टमेंट नंबर नकाशाशी ताडून पाहावा. तो नंबर वनखात्याच्याच माणसाने लिहिलेला आहे.