कीर्द, एक्सेल आणि हिशेबाची वाट

दिवाळीच्या तोंडावर शहागंजात घड्याळ मनोऱ्याच्या आसपास फिरले की लाल बांधणीच्या हिशेबाच्या वह्या अजूनही दिसतात. खप मात्र पूर्वीचा राहिलेला नाही. लक्ष्मीपूजनाला आता वहीच्या शेजारी संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. वही मागे पडली, यंत्र आले, एवढाच अर्थ आपण या बदलाचा लावतो. हिशेब ठेवण्याच्या पद्धतीकडे पाहिले तर वेगळी गोष्ट दिसते.

जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून, दख्खनच्या राज्यकारभारामार्फत आले. पुढे व्यापारी हिशेबात जी शिस्त रूढ झाली तिचे चार टप्पे होते. व्यवहार घडेल तसा कीर्दीत लिहायचा, कीर्दीवरून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणी करायची, खात्यांच्या बाक्या काढून तेरीज मांडायची आणि ती जुळली की ताळेबंद करायचा. खतावणीत कीर्दीचे पान नोंदवलेले असे. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून बरोबर आकडा शेजारी लिहीत, म्हणजे मूळ आकडाही वाचता येई. मुनीम उद्या नसला तरी तिसऱ्या माणसाला ताळेबंदातून मागे चालत मूळ नोंदीपर्यंत पोहोचता यावे, हा त्यामागचा हेतू.

१९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिझिकॅल्क’ बाजारात आले. फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे हार्वर्डमध्ये शिकताना ब्रिकलिनने पाहिले होते. त्या कटकटीवरचा हा उपाय. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये, प्रथम मॅकिंटॉशवर, ‘एक्सेल’ आले. प्रोग्रामिंग न शिकलेल्या कारकुनाच्या हाती प्रथमच मोठी गणनशक्ती आली. हे उपकार लहान नाहीत. पण कीर्द, खतावणी आणि तेरीज एकाच पडद्यावर, एकाच कागदावर आल्या. मूळ आकडा, त्यावर चालवलेला नियम आणि निघालेले उत्तर यांच्यातली भिंत पडली.

त्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे. नव्वदच्या दशकाअखेरीस वाळूजच्या एका कारखान्यात हजेरी आणि जादा तासांचे कोष्टक माझ्याकडे होते. एकदा नावे अकारविल्हे लावताना फक्त नावांचा रकाना निवडला गेला. तासांचा रकाना जागच्या जागी राहिला. एकाचे तास दुसऱ्याच्या नावावर गेले, आणि एकूण बेरीज मात्र तंतोतंत जुळत होती. पगार वाटल्यावर एका कामगाराने खिशातल्या डायरीत लिहिलेले आपले तास आणून दाखवले, तेव्हा चूक कळली. त्याच्याकडे कीर्द होती. माझ्याकडे फाइल जतन झाल्यानंतर मूळ क्रमाचा मागमूसही उरला नव्हता.

मोठ्या संस्थांतही असे घडले आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोविडबाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांतून निसटली. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि उरलेल्या ओळी गळाल्या. रुग्णांच्या संपर्कातील माणसांचा शोध त्यामुळे लांबला.

‘आर’ आणि ‘पायथन’ या भाषा १९९०च्या दशकात पुढे आल्या. पायथनसाठी वेस मॅकिनीने २००८ मध्ये ‘पांडाज’ हे साधन लिहायला घेतले. यांत मूळ फाइल तशीच ठेवता येते. कोणत्या ओळी वगळल्या, काय जोडले, बेरीज कशी केली, हे क्रमाने वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेले राहते आणि कोणालाही ते पुन्हा चालवून पाहता येते. म्हणजे कीर्द वेगळी, खतावणी वेगळी. नवीन म्हणून मिरवणारे हे साधन शिस्तीच्या दृष्टीने एक्सेलपेक्षा जुन्या वहीच्या अधिक जवळ आहे, असे माझे मत आहे.

म्हणून सगळ्या कचेऱ्यांनी एक्सेल टाकून द्यावे का? दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे कीर्दच चुकली तर कोणतेही साधन वाचवत नाही. २०१७च्या राज्याच्या शेतकरी कर्जमाफीत बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागवली गेली. ती आणि शेतकऱ्यांचे अर्ज जुळेनात, एकच आधार क्रमांक अनेकांपुढे लागल्याचे आढळले आणि याद्या रखडल्या. तिथे प्रश्न बेरजेचा नव्हता, नोंदीचा होता.

दुसरी गोष्ट वाचकाची. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार लागले. कागद होते, पण ते वाचू शकणारी माणसे थोडी होती. कचेरीत एकालाच कळणारा प्रोग्राम लिहिला आणि तो माणूस नोकरी सोडून गेला, तर तोही असाच मुका दप्तर होतो. उलट २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या निबंधातली चूक पकडली, ती त्यांनी आपले एक्सेल कोष्टक त्याला दिले म्हणून. सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. कोष्टक उघडणाऱ्या कोणालाही ते दिसू शकत होते.

पन्नास ओळींचा हिशेब एक्सेलमध्ये खुशाल करावा, फक्त मूळ नोंदींची प्रत वेगळी ठेवून तिला हात लावू नये. दर महिन्याला तेच काम हजारो ओळींवर करायचे असेल, आणि त्यावर कोणाचा पगार, कर्ज किंवा औषध अवलंबून असेल, तर ते पायऱ्या लिहून ठेवणाऱ्या साधनात करावे आणि किमान दोघांना वाचायला शिकवावे. वाळूजच्या त्या कामगाराला त्याचे तास पुढच्या पगारात मिळाले. ज्यांच्याकडे डायरी नव्हती त्यांचे तास जुळवायला मला हजेरीचे कागदी पत्रक पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे लागले.