दोन इवल्या सर्वनामांची शाळा : आलियान्स फ्रान्सेजची वाटचाल

२१ जुलै १८८३ रोजी पॅरिसमध्ये आलियान्स फ्रान्सेज ही फ्रेंच भाषेचा प्रसार करणारी संस्था उभी राहिली. तिच्या पहिल्या पाठीराख्यांत लुई पाश्चर, ज्यूल व्हर्न आणि सुएझ कालव्याचे फर्डिनांड द लेसेप्स होते. १८८९मध्ये पुद्दुचेरीत केंद्र निघाले, मुंबईत १९३८ साली. दोनच वर्षांनी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले आणि मुख्यालय बंद पडले. तरीही १९४३च्या ऑक्टोबरात फ्रेंच नेते द गोल यांनी अल्जिअर्समध्ये संस्थेची साठी साजरी केली. देश परक्याच्या ताब्यात असताना भाषेचा सोहळा करणे, ही मला या वाटचालीतली सर्वांत धीराची गोष्ट वाटते.

शिकवण्याची पद्धत मात्र हळूहळू बदलली. १९५३ साली गास्तों मोझे यांचे फ्रेंच शिकवणारे निळे पुस्तक आले आणि जगभरच्या वर्गांत पोचले. त्याची शिस्त चोख होती: आधी नियम, मग वाक्य. फ्रेंचमधली ‘ई’ आणि ‘आँ’ ही दोन इवली सर्वनामेही अशीच नियमाने शिकवली जात. ‘ई’ म्हणजे तिथे, त्यात. ‘आँ’ म्हणजे तिथून, त्यातले. नियम समजला, तरी माणसे बोलू लागली की तो अपुरा पडतो. ‘झाँ ने मार’ म्हणजे ‘मला आता वीट आला’. ‘सा ई ए’ म्हणजे ‘झालं एकदाचं!’ यातली सर्वनामे कोणत्या नामाऐवजी आली, हे शोधत बसले तर हाती काही लागत नाही. ‘लेशापे बेल’, म्हणजे थोडक्यात बचावणे, यात तर विशेषण स्त्रीलिंगी आहे, पण सुरुवातीचे ‘ल’ हे सर्वनाम कशाबद्दल आहे हे आज बोलणाऱ्याच्या मनातही नसते.

माणसे खरोखर कशी बोलतात हे पाहायला त्याच काळात भाषाभ्यासक झॉर्झ गुजनाइम आणि त्यांचे सहकारी ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन साध्या माणसांचे फ्रेंच बोलणे टिपत होते. शब्द मोजल्यावर ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ ही क्रियापदे आणि त्यांच्याभोवतीचे बारके शब्द वर आले. घरातल्या रोजच्या वस्तूंची नावे क्वचितच उच्चारलेली दिसली. परक्या भाषेत शिरायचे दार नामांच्या लांब यादीत नाही, हे त्या मोजणीतून मला पटते. पुढे वर्गांत संवाद आले, १९८५मध्ये फ्रेंचच्या देल्फ परीक्षा आल्या.

मला मनापासून सांगायचे आहे ते यापुढचे. आपल्याकडे फ्रेंच बहुधा इंग्रजीच्या वाटेने शिकवली जाते आणि ‘ई’, ‘आँ’पाशी इंग्रजी अडखळते. मराठी अडखळत नाही. ‘झ मि कॉने’ला मराठीत सरळ ‘मला त्यातलं कळतं’ म्हणता येते. ‘झ नी स्वी पूर रियँ’ म्हणजे ‘त्यात माझा काही हात नाही’. ‘त्यात काय एवढं’, ‘त्याचं काय आहे’ असे रोज बोलणाऱ्याला बिनचेहऱ्याच्या सर्वनामाची सवय आधीच असते.

ही सवय मोठ्या शहरांपुरती नाही. गोंदिया जिल्ह्यात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी या सगळ्या बोली कानावर पडतात. तिथल्या मुलाला एका बोलीतून दुसरीत जाताना व्याकरण आठवावे लागत नाही. आलियान्सचे वर्ग आता ऑनलाइनही भरतात, म्हणून तिथल्या आमगाव किंवा देवरीच्या मुलाला मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. त्याच्या शिक्षकाने ‘ई’ शिकवताना इंग्रजी शब्द फळ्यावर लिहू नये. ‘त्यात’ लिहावे, मुलांकडूनच त्याची दहा वाक्ये वदवून घ्यावीत, आणि मग फ्रेंचकडे वळावे.