भरवशाच्या म्हशीला टोणगा

"बॅकअप आहे ना?" असं विचारलं की आपल्या क्षेत्रातला कोणीही छातीठोकपणे "हो" म्हणतो. "शेवटचा रिस्टोअर कधी करून बघितलास?" असं विचारलं की तोच माणूस चहा प्यायला उठतो. या दोन प्रश्नांमधल्या अंतराला चांगला भरभक्कम इतिहास आहे. त्यातले दोन प्रसंग आज सांगतो.

पहिला १९९८चा. पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २'चं काम चालू होतं. कोणीतरी चित्रपटाच्या मुख्य फोल्डरवरच डिलीटची कमांड चालवली. युनिक्स अशा वेळी "नक्की ना?" वगैरे विचारत बसत नाही. टेक्निकल टीममधला ओरेन जेकब तेव्हा वुडीच्या फाईल्स बघत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या कमी कमी होत गेल्या. त्याने फोन करून मशीनची वायरच ओढायला सांगितली. तोवर चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता.

हरकत नाही, बॅकअप होता की! तो परत चढवला, लोक पुन्हा कामाला लागले. आणि मग हळूहळू लक्षात आलं, की फाईल्समध्ये काहीतरी गडबड आहे. गेला महिनाभर बॅकअप नीट होतच नव्हता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय?

चित्रपट वाचवला गेलिन सस्मन यांनी. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या मशीनवर होती. ते मशीन ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, अगदी जपून ऑफिसात आणलं गेलं. हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असतो. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एकदा पोळलेल्या त्या टीमने ही प्रतही डोळे झाकून स्वीकारली नाही. बिघडलेला बॅकअप आणि घरची प्रत यांची तुलना केली. जिथे मेळ बसेना, त्या हजारो फाईल्स माणसांनी स्वतः उघडून तपासल्या. (पुढे पिक्सारने चित्रपटाची गोष्टच बरीचशी नव्याने लिहिली आणि १९९९मध्ये तो प्रदर्शित झाला, ते वेगळं रामायण.)

दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०१७चा. गिटलॅब, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात त्यांपैकी एक मोठं ठिकाण. रात्री उशिरा एक इंजिनिअर दुय्यम डेटाबेस सर्व्हर दुरुस्त करत होता. त्यावरचा डेटा पुसून नव्याने कॉपी करायचा होता. पुसण्याची कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवली. पण सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

आता बॅकअपांची हजेरी घ्या. रोजचा डेटाबेस डंप? जिथे तो साठायचा ती जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२चा, त्यामुळे तो रोज चालायचा आणि रोज फेल व्हायचा. मग फेल झाल्याची ईमेल? ती पाठवली जायची, पण सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ती नाकारायचा. क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट? ते फाईल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेससाठी नाहीत. दुय्यम सर्व्हर तर आधीच पुसलेला.

वाचवलं ते एका स्नॅपशॉटने. साधारण सहा तास आधी एका इंजिनिअरने स्वतःच्या टेस्टिंगसाठी तो हाताने घेतला होता. तो परत चढवायला जवळपास १८ तास लागले. लोकांचा कोड शाबूत राहिला, पण सुमारे ५,००० प्रोजेक्टच्या नोंदी, तितक्याच कॉमेंट्स आणि ७०० नवीन खाती गेली. कंपनीने मोठेपणा दाखवून सगळं जाहीर लिहिलं. बॅकअप तपासला का जात नव्हता, याचं त्यात दिलेलं कारण अगदी घरगुती आहे: ते काम कोणाचंच नव्हतं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. ज्या प्रती 'बॅकअप' म्हणून ठेवल्या होत्या त्या कामाला आल्या नाहीत. कामाला आल्या त्या कोणीतरी खरोखर वापरण्यासाठी घेतलेल्या प्रती. यात निव्वळ नशीब नाही. वापरातली प्रत बिघडली तर माणूस त्याच दिवशी बोंब मारतो. कपाटातली प्रत बिघडली तर बोंब मारणार कोण?

आपल्या घरच्या एक्सटर्नल ड्राइव्हची गोष्ट याहून वेगळी नाही. बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाचे फोटो, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, घराचे कागद, सगळं त्या एका डबीत. म्हणून तपासणी हे एक वेगळं काम समजावं आणि ते घरात एकाच्या गळ्यात घालावं. आमच्याकडे तो मी आहे. महिन्याचा पहिला शनिवार त्यासाठीच. ड्राइव्ह एकदा काढून पुन्हा जोडतो, कारण नुकत्याच कॉपी केलेल्या फाईल्स कॉम्प्युटर स्वतःच्या मेमरीतूनच वाचून दाखवू शकतो. मग चेकसम जुळवतो. आरसिंक वापरत असाल तर ते वेगळं सांगावं लागतं. एरवी तो फक्त आकार आणि वेळ बघून पुढे जातो. पण चेकसम एवढंच सांगतो, की प्रत मुळासारखी आहे. मूळच बिघडलं असेल, किंवा एखादं फोल्डर यादीतच नसेल, तर तो गप्प बसतो. म्हणून शेवटी तो ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला जोडायचा आणि दहा-बारा फाईल्स उघडून बघायच्या. फोटो नीट बघायचे, रेकॉर्डिंग थोडं ऐकायचं.

अर्धा तास लागतो. आणि खरं सांगू? आजीचा आवाज ऐकायला तेवढंच निमित्त मिळतं.